एकाच आकड्याच्या दोन प्रती

कारेगावात आमच्या कारखान्याच्या डिस्पॅच विभागात तीन संगणक आहेत. मालाच्या खोक्यांवर चिकटवायची लेबले त्यांच्यावरून छापली जातात. छापणारा प्रोग्रॅम मी आणि माझा एक तरुण सहकारी मिळून सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी एका रात्री, तिसऱ्या पाळीत, गिऱ्हाईक कंपनीच्या गेटवरून आमचा ट्रक परत आला. खोक्यांवरची लेबले त्यांच्या स्कॅनरला वाचता येत नव्हती. मी खोलीवरून धावत आलो आणि तिन्ही संगणक तपासले. तिन्हींवर प्रोग्रॅमचा आकडा एकच होता, २.४. तरीही दोन संगणक एका तऱ्हेचे लेबल छापत होते आणि तिसरा दुसऱ्या तऱ्हेचे.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कारेगाव हे पुणे-नगर रस्त्यावरचे शिरूर तालुक्यातले गाव, रांजणगाव गणपतीच्या औद्योगिक वसाहतीला लागून. वसाहतीत मोठ्या कंपन्या आणि आजूबाजूला त्यांना सुटे भाग पुरवणारे आमच्यासारखे लहान कारखाने. गावात भाड्याच्या खोल्या, मेस, आणि तीन पाळ्यांच्या वेळी रस्त्यावर कंपन्यांच्या बसची रांग. इथे एका लेबलाची चूक म्हणजे परत आलेला ट्रक, गिऱ्हाइकाची डेबिट नोट आणि सकाळी साहेबांसमोर उभे राहणे.

चूक कशी झाली ते पहाटे चारच्या सुमारास सापडले. आमची दोन गिऱ्हाइके. एकाने लेबलाचा नमुना बदलायला सांगितले होते, दुसऱ्याला जुनाच हवा होता. म्हणून आम्ही प्रोग्रॅमची एक ब्रँच काढली. ब्रँच म्हणजे शाखाच. मूळ प्रोग्रॅम एका बाजूने पुढे जातो आणि त्याच ठिकाणाहून फुटलेली दुसरी वाट वेगळी वाढते. मुख्य वाटेवर नवा नमुना, शाखेवर जुना. दोन्ही २.३ पासून फुटलेल्या. मंगळवारी मी मुख्य वाटेवर आकडा वाढवून २.४ केला. बुधवारी माझ्या सहकाऱ्याने शाखेवर एक दुरुस्ती केली आणि नेमाप्रमाणे आकडा वाढवला. २.३ नंतर काय येणार? २.४.

पुढची गंमत संगणकाच्या बाजूची आहे. दोन वाटा परत एकत्र करताना, म्हणजे मर्ज करताना, एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळे बदल केले असतील तर यंत्रणा थांबते आणि भांडण तुम्ही मिटवा म्हणते. पण दोघांनी नेमका तोच बदल केला असेल तर तिला भांडण दिसतच नाही. शाखेतली दुरुस्ती मुख्य वाटेवर आणताना आमच्या दोघांच्या आकड्याची ओळ अक्षरशः सारखी होती, त्यामुळे ती गप्प राहिली. शाखेवरून बनवलेले पॅकेज सर्व्हरवर चढले तेव्हा नाव तेच असल्याने आधीचे पॅकेज पुसले गेले. डिस्पॅचच्या ज्या दोन संगणकांवर आधीच २.४ होता, त्यांनी नवे पॅकेज घेतलेच नाही, कारण आकडा तोच. तिसरा संगणक त्या दिवशी बंद होता. तो रात्री सुरू झाला आणि त्याने दुसरे २.४ उचलले.

आम्ही डोके धरून बसलो होतो तेव्हा टूलरूमचे काका चहा घेऊन आले. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली, संगणकाचा फारसा संबंध नाही. त्यांनी विचारले, "काय रे, रिव्हिजन कुठली लागलीय?" म्हटले, "काका, दोन्हींवर २.४ आहे." ते म्हणाले, "मग तारीख कुठली? सही कोणाची?" आमच्याकडे या दोन्ही प्रश्नांना उत्तर नव्हते. म्हणजे यंत्रणेत होते, पण चालू असलेल्या प्रोग्रॅमकडे बघून ते कुणालाही सांगता आले नसते.

काकांनी मला टूलरूममध्ये नेले आणि एक ड्रॉइंग उलगडले. वरच्या कोपऱ्यात छोटा तक्ता: रिव्हिजनचे अक्षर, तारीख, काय बदलले, कोणी बदलले, कोणी मान्य केले. ए, बी, सी अशी अक्षरे. नवे ड्रॉइंग आले की जुन्यावर लाल शिक्का मारून ते मशीनवरून उचलायचे. त्यांनी अजून एक बारकावा सांगितला. रिव्हिजनच्या अक्षरांत आय आणि ओ वापरत नाहीत, कारण तेलकट कागदावर ती एक आणि शून्यासारखी दिसतात. या वाक्याने मी चमकलो. कुणीतरी कधीतरी ओ ला शून्य समजून माल कापला असणार, त्याशिवाय असा नियम बनत नाही. त्या रात्रीनंतर आमच्या पेशातल्या आकड्यांचा इतिहास मी मुळापासून वाचला.

तो सुरू होतो १९७२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये. मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस नावाची प्रणाली लिहिली. हेतू साधा होता: प्रोग्रॅमच्या फाइलचा प्रत्येक बदल जपायचा, प्रत्येक वेळी पूर्ण प्रत न ठेवता फक्त फरक ठेवायचा, आणि प्रत्येक फरकाला आकडा द्यायचा. १.१, १.२, १.३. मोठी आवृत्ती निघाली की २.१. रॉचकाइंड यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला तो डिसेंबर १९७५ मध्ये. मला त्यातली सर्वात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. फाइलमध्ये एक ठरावीक खूण लिहून ठेवायची; प्रणाली तिच्या जागी आकडा आणि तारीख भरते, आणि प्रोग्रॅम तयार झाल्यावरही ती खूण त्याच्या पोटात राहते. मग कुठल्याही तयार प्रोग्रॅमला 'तू कोण?' असे विचारणारी एक आज्ञा होती, तिचे नावच 'व्हॉट'. काकांचा प्रश्न बेल लॅब्समध्ये पन्नास वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्याचे उत्तरही तयार होते. आम्ही ते वापरत नव्हतो, इतकेच.

१९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या वॉल्टर टिची यांनी आरसीएस आणली. शाखांचे आकडे त्यात मूळ झाडाच्या आकड्यातूनच फुटत: १.२ वरून निघालेली पहिली शाखा १.२.१, तिच्यावरचा पहिला बदल १.२.१.१. आकडा वाचला की वंशावळ कळे. पण एका वेळी एकानेच फाइल उचलायची. तलाठ्याच्या दप्तरासारखे, एकाच्या हातात असेल तर दुसऱ्याने थांबायचे. हे कुलूप तुटले ते ॲमस्टरडॅममध्ये. तिथले प्राध्यापक डिक ग्रुने दोन विद्यार्थ्यांबरोबर एका कंपायलरवर काम करत होते. तिघांच्या कामाच्या वेळा जुळेनात. एक दिवसा नेमाने येणारा, एक वाटेल तेव्हा, आणि ग्रुनेंना सवड संध्याकाळी. मग १९८६ साली त्यांनी आरसीएसच्या वर काही आज्ञा रचून सीव्हीएस बनवली: प्रत्येकाने आपापली प्रत घ्यावी, बदल करावेत, नंतर जुळवावे. तीन माणसांच्या न जुळणाऱ्या वेळापत्रकातून निघालेली ही पद्धत नंतर जगभर पसरली.

इथपर्यंत एक गोष्ट कुणाला खटकत नव्हती. 'हा कितवा बदल' आणि 'ही गिऱ्हाइकाला दिलेली कोणती आवृत्ती' हे दोन प्रश्न एकाच तऱ्हेच्या आकड्यात गुंडाळलेले होते. सबव्हर्जन आली (काम २००० मध्ये सुरू, पहिली आवृत्ती २००४ मध्ये) तेव्हा फाइलगणिक आकडे गेले आणि सगळ्या भांडाराला मिळून एकच वाढता आकडा राहिला: बदल क्रमांक ४०१२, ४०१३. तो गिऱ्हाइकाला दाखवायचा आकडा नाही हे तिथेच स्पष्ट झाले. शेवटचा घाव गिटने घातला. लिनक्सचे काम बिटकीपर नावाच्या खाजगी प्रणालीवर चाले. एप्रिल २००५ मध्ये तिचा फुकट परवाना मागे घेतला गेला आणि लायनस टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत गिट लिहायला घेतली. ७ एप्रिलला गिटची स्वतःची फाइल गिटमध्येच ठेवली गेली. गिटमध्ये बदलाला आकडा देणारा कोणी नसतोच. मजकूर, लेखक, वेळ, कारणाची ओळ आणि आधीचा बदल या सगळ्यांचे गणित करून चाळीस अक्षरांची एक खूण निघते. एक स्वल्पविराम हलला तरी खूण बदलते. दोन वेगळ्या मजकुरांना चुकून एकच खूण मिळणे व्यवहारात होत नाही.

म्हणजे तेहतीस वर्षांत एका आकड्याचे दोन झाले. एक यंत्राची खूण, जी कुणी ठरवत नाही आणि जी खोटे बोलू शकत नाही. दुसरा माणसाचा आकडा, २.४ सारखा, जो कुणीतरी ठरवून, समोर नसलेल्या माणसासाठी लिहितो. आमचा गोंधळ या दुसऱ्या आकड्याचा होता. आम्ही तो यंत्राच्या खुणेसारखा वापरला. बदल झाला की एक वाढव.

आकडा मजकुराच्या बाहेरचा असतो, हे मुस्लिम वाचकांना एका ओळखीच्या उदाहरणाने लगेच कळेल. तुलना करायची नाही, फक्त नोंदीची शिस्त दाखवायची आहे. आपल्या घरातला कुरआन हफ्स यांच्या रिवायतीचा, आसिम यांच्याकडून आलेला. मोरोक्कोत वर्श यांची रिवायत वाचतात, नाफे यांच्याकडून आलेली. दोन्ही मान्य, दोन्हींची परंपरा नावानिशी नोंदलेली, आणि शतकानुशतके कुणी त्या एकमेकींत मिसळल्या नाहीत. आता आयतींची संख्या पाहा. आपल्याकडच्या प्रतीत कूफी मोजणी असते, ६२३६. मदनी मोजणीत ६२१४. सूरह फातिहात बिस्मिल्लाह ही पहिली आयत धरायची की नाही, इथूनच मोजणी वेगळी होते. बावीस आयती कुठे गेल्या असे कुणी विचारत नाही, कारण कुठे काहीच गेलेले नाही. आयत कुठे संपते यावरचे ते मत आहे. लहानपणी मी मात्र ६६६६ हा आकडा ऐकत मोठा झालो. तो घरोघर सांगितला जातो आणि कुठल्याच मोजणीत बसत नाही. पाठ करायला सोपा म्हणून टिकला असावा. आकड्यांचे हे असे असते, सोपा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा जास्त जगतो.

लिनक्सवाल्यांनी माणसाच्या आकड्याला अर्थ द्यायचा मोठा प्रयत्न केला. मार्च १९९४ मध्ये १.० निघाल्यावर असा संकेत पडला की मधला आकडा विषम असेल तर ती प्रयोगाची वाट, सम असेल तर वापराची. २.३ वर प्रयोग करा, २.४ लोकांना द्या. कागदावर सुरेख. पण २.४ निघाले जानेवारी २००१ मध्ये आणि २.६ डिसेंबर २००३ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षे लोकांनी थांबावे कसे? लिनक्स बांधून विकणाऱ्या कंपन्या प्रयोगाच्या वाटेवरच्या नव्या गोष्टी काढून आपापल्या २.४ मध्ये बसवू लागल्या. प्रत्येकाचे २.४ वेगळे. आमच्या डिस्पॅचसारखेच, फक्त जगाच्या मापाचे! शेवटी तो संकेत सोडून दिला गेला. २.६ तब्बल साडेसात वर्षे चालले, २.६.३९ पर्यंत, आणि जुलै २०११ मध्ये ३.० आले ते कुठल्या मोठ्या बदलामुळे नव्हे. आकडे फार लांबले होते आणि लिनक्सला वीस वर्षे होत होती म्हणून.

दुसरा प्रयत्न टॉम प्रेस्टन-वर्नर यांचा. त्यांच्या नियमांची आज वापरात असलेली आवृत्ती २०१३ ची. तीन आकडे: वापरणाऱ्याचे जुने काम मोडत असेल तर पहिला वाढवा, मोडतोड न करता नवे काही दिले असेल तर दुसरा, फक्त चूक सुधारली असेल तर तिसरा. त्या नियमांतला मला सर्वात मोलाचा वाटलेला भाग शेवटच्या आकड्यांचा नाही. तो असा, की एकदा आवृत्ती बाहेर गेली की तिच्यातले काही बदलायचे नाही. बदल करायचा तर नवा आकडा. हा एक नियम आम्ही पाळला असता तर ट्रक परत आला नसता.

पॅकेज बांधणाऱ्यांना हे आधीच अनुभवाने कळले होते. डेबियन किंवा रेड हॅटचे पॅकेज पाहिले तर आकड्याचे दोन तुकडे दिसतात. आधी मूळ प्रोग्रॅमचा आकडा, मग आडवी रेघ, मग बांधणाऱ्याचा आकडा. प्रोग्रॅम तोच पण बांधणी सुधारली, तर फक्त दुसरा वाढतो. कुणाचा बदल कुठला हे वेगळे राहते. आणि चूक झालीच तर तिच्यासाठीही जागा आहे. समजा घाईत २.० ऐवजी २० असा आकडा बाहेर गेला. आता २.१ काढले तरी जगभरचे संगणक म्हणणार, आमच्याकडे २० आहे, तुमचे जुने आहे. गेलेला आकडा परत बोलावता येत नाही. म्हणून पुढे अजून एक आकडा लावतात, ज्याला ते इपॉक म्हणतात: १, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग २.१. हा पुढचा १ त्या पॅकेजच्या कपाळावर कायमचा राहतो. डोनाल्ड क्नुथ यांनी तर यातून वेगळीच वाट काढली. त्यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमचा आकडा ३.१, ३.१४, ३.१४१ असा पायच्या दिशेने सरकतो. सध्या तो ३.१४१५९२६५३ आहे, आणि आपल्या मृत्यूनंतर तो पाय करून गोठवावा असे त्यांनी सांगून ठेवले आहे. माणूस आहे तोवर दुरुस्ती, नंतर नाही.

हे सगळे परदेशातले झाले. पण पुण्याची एक गोष्ट मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरून गेलेली आहे. रेड हॅटने लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे मुक्त फॉन्ट प्रसिद्ध केले, ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून घेतलेले होते. २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून फॉन्टसाठीचा ओपन फॉन्ट परवाना झाला. सुरुवातीला लोहित हिंदी आणि लोहित मराठी अशी वेगळी पॅकेजे होती. लिपी एकच देवनागरी, तरी वाटा दोन, कारण मराठी माणसाला आपला ल आणि आपला श हवा. पाकळीचा ल, देठाचा श. ही हौस नव्हे. राज्य शासनानेही मराठी वर्णमालेचा निर्णय २००९ साली काढला आणि २०२२ मध्ये तो सुधारला. पण दोन पॅकेजे म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा. एका फॉन्टमध्ये जोडाक्षर सुधारले आणि दुसऱ्यात राहून गेले, असे होणारच. पुढे ती एकत्र करून लोहित देवनागरी केले गेले आणि भाषेनुसार बदलणारी अक्षररूपे फॉन्टच्या पोटातच ठेवली. मजकूर मराठी आहे असे सांगितले की फॉन्ट मराठी ल काढतो. शाखा मिटली पण फरक मिटला नाही. मी पाहिलेल्या मर्जपैकी हा एक शहाणा मर्ज आहे.

आणि आकड्याचे महत्त्व कळायला ॲ हे अक्षर पुरे. 'ॲप' किंवा 'ॲडव्होकेट' मधला हा ॲ युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत आला, २००८ साली. त्याआधीच्या फॉन्टमध्ये तो असण्याची सोय नव्हती. लोक अ वर चंद्र वेगळा ठेवून काम भागवत आणि तो कधी बाजूला सरकून बसे. आजही एखाद्या जुन्या संगणकावर ॲ च्या जागी रिकामा चौकोन दिसला तर समजावे, आकडा मागे राहिला आहे. आमच्याच डिस्पॅचच्या एका संगणकावर रुपयाच्या चिन्हाचे असे होत असे. ते चिन्ह २०१० मध्ये ठरले आणि त्याच वर्षी युनिकोड ६.० मध्ये आले. आमचा संगणक त्याच्या आधीचा.

शाखा एकत्र करण्याचा प्रश्न मात्र संगणकाहून फार जुना आहे, आणि महाराष्ट्रात त्याची दोन मोठी उदाहरणे आहेत. पैठणचे एकनाथ महाराज. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२, म्हणजे १२९० साली. तीनशे वर्षांत तिच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, प्रत्येक लेखनिकाने थोडे आपले घातले. एकनाथांनी प्रती गोळा केल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. शेवटी त्यांनी काही ओव्या जोडल्या. त्यांत वर्ष आहे, संवत्सर आहे, काम कोणी केले ते आहे, का केले ते आहे, आणि यापुढे कुणी आपली ओवी घुसवू नये अशी सक्त ताकीद आहे. काकांच्या ड्रॉइंगवरचा तक्ताच. फक्त एक रकाना रिकामा आहे: कोणत्या प्रती वापरल्या आणि कोणते पाठ वगळले, याची यादी त्यात नाही. हाताने लिहायच्या काळात ती अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. पण परिणाम असा झाला की एकनाथांच्या आधीची ज्ञानेश्वरी कशी होती हा प्रश्न उघडा राहिला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला मिळालेली, त्यांच्या मते एकनाथपूर्व असलेली, प्रत १९०९ मध्ये छापली आणि वाद सुरू झाला. आमच्या भाषेत सांगायचे तर शाखा मिळवल्या, पण शाखांचा इतिहास पुसला गेला. गिटमध्ये आजही असे करणारी आज्ञा आहे, स्क्वॉश. वीस बदलांचा एक गठ्ठा. दिसायला स्वच्छ.

दुसरे उदाहरण कारेगावपासून पन्नासेक किलोमीटरवरचे, पुण्याच्या भांडारकर संस्थेतले. १९१९ मध्ये तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर तिचे संपादक. ते मुळात केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला संस्कृताकडे वळलेले. मला वाटते ते गणित त्यांच्या कामात दिसते. शारदा, नागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या बाराशे एकोणसाठ हस्तलिखितांचा उपयोग या कामात झाला. श्लोकाश्लोकाला प्रत्येक प्रतीतला पाठ मांडायचा. उत्तरेची वाट, दक्षिणेची वाट, त्यांच्या पोटवाटा. कोणती प्रत कोणत्या वाटेवरून आली हे आधी ठरवायचे. दूरदूरच्या वाटांवर एकच पाठ सापडला तर तो फुटण्याआधीचा असण्याची शक्यता जास्त. हा अगदी आमच्या मर्जचा नियम आहे: दोन शाखांचा सामाईक पूर्वज शोधा, मग फरक पाहा.

आणि वगळलेल्याचे काय केले? मुख्य मजकूर वर, पाठभेद खाली. ज्या ओळी काही शाखांतच आढळल्या त्या तारांकित करून तळाला, आणि त्यांनाही स्वतःचे क्रमांक. मोठी प्रकरणे परिशिष्टात. रांजणगावच्या गणपतीशेजारी बसून लिहितो आहे म्हणून सांगतो, व्यासांचा लेखनिक म्हणून गणपती येतो ती लोकप्रिय कथा या आवृत्तीत मुख्य मजकुरात नाही, आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. काढलेली आहे, पण हरवलेली नाही. ज्याला संपादकाचा निर्णय पटत नसेल तो पानाच्या तळाशी जाऊन स्वतः निवाडा करू शकतो. सुखटणकर १९४३ मध्ये गेले. काम १९६६ मध्ये पुरे झाले, एकोणीस खंड. संपादक बदलले, पण पद्धत लिहून ठेवलेली असल्याने काम पुढे चालले.

हे वाचून झाल्यावर आम्ही कारखान्यात चार गोष्टी बदलल्या, त्या फार मोठ्या नाहीत. आकडा आता फाइलमध्ये कुणी हाताने लिहीत नाही. ब्रँचवर कितीही काम करा, तिथे आकडा नसतो, ब्रँचचे नाव आणि खूण असते. पॅकेज बाहेर द्यायचे ठरले की एकच माणूस त्या ठिकाणी टॅग लावतो आणि आकडा त्या टॅगवरून आपोआप पॅकेजमध्ये जातो. जुन्या नमुन्याच्या गिऱ्हाइकाची ब्रँच २.३ वरून फुटली म्हणून तिचे आकडे २.३.१, २.३.२ असेच चालतात. ती कधी २.५ होणार नाही. सर्व्हरवर एकदा चढलेल्या नावावर दुसरे पॅकेज चढत नाही, सर्व्हर नकार देतो. पहिल्या महिन्यात त्याने माझ्याच पॅकेजला दोनदा नकार दिला.

यात एक भांडणही झाले. माझा सहकारी म्हणत होता, "सर, चुकीचे २.४ काढून टाकू आणि बरोबरचे २.४ म्हणून परत चढवू. कुणाला कळणार नाही." रात्रभर जागून थकलेला होता, आणि डेबिट नोटेवर कुणाचे नाव येणार याची त्याला काळजी होती. मलाही होती. मी काही क्षण तसे करायच्या बेतात होतो, हे कबूल करतो. पण आधीच दोन २.४ जगात होते, तिसरे करून काय साधणार? आम्ही दोन्ही रद्द केले. साहेबांना सकाळी जे झाले ते सांगितले, आणि मुख्य वाटेवरून थेट २.५ काढले.

आता प्रत्येक लेबलाच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आकडा आणि खुणेची पहिली सात अक्षरे छापलेली असतात. टूलरूमचे काका निवृत्त होऊन गावी गेले. जाण्याआधी त्यांनी भिंग लावून ते अक्षर पाहिले आणि जरा मोठे करायला सांगितले. डिस्पॅचच्या पोरांचा रात्री फोन आला की मी आधी कोपरा वाचायला सांगतो. गेल्या महिन्यात नवा मुलगा लागला आहे. आवृत्त्यांची यादी बघून त्याने पहिल्याच आठवड्यात विचारले, "सर, २.३ नंतर एकदम २.५ कसे?" मी त्याला ती नोंद उघडून दाखवली. तारीख आहे, दोन्ही खुणा आहेत, परत आलेल्या ट्रकचा उल्लेख आहे, आणि खाली आम्हा दोघांची नावे.